शेवंतीचा अंधार

आमच्या ह्यांनी पुण्याला पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि बोरी अरबला परतले ते शास्त्रज्ञ होऊनच. कपाशीच्या वावरात पॉलिहाऊस उभं राहिलं, आत पांढरी शेवंती लागली आणि तिच्यावर दिव्यांच्या माळा. रात्री उजेड दिला की शेवंतीला दिवस मोठा वाटतो. ती कळ्या धरत नाही, दांडा वाढवत बसते. दांडा पुरेसा झाला की दिवे बंद करायचे, मग सलग लांब अंधार मिळून कळ्या येतात. शास्त्र एवढंच, पण ते सांगताना ह्यांचा आवाज कीर्तनकाराचा व्हायचा.

मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. वणीच्या व्याह्यांना ह्यांनी बैठकीतच शब्द दिला, "स्टेजवर एक फूल बाहेरचं दिसणार नाही." लेक हरखली. त्या पांढऱ्या फुलांपुढे उठून दिसेल अशी साडी तिनं आधी घेतली, बाकीचा बस्ता नंतर.

दसऱ्याला दिवे बंद झाले. पॉलिहाऊसमध्ये बॅटरीसुद्धा न्यायची नाही, अशी घरादाराला तंबी मिळाली. पण लग्नघर म्हटल्यावर पाहुण्यांची रीघ, आणि आमच्याकडे पाहुण्याला नुसतं जेवू घालून भागत नाही, घरातली नवी वस्तू दाखवावी लागते. लोक सोफा दाखवतात, फ्रिज दाखवतात. जेवणं झाली की हे उठायचे, "चला, तुमाले लायटिंग दाखवतो." बटण दाबलं की पाहुणे तोंडात बोटं घालायचे. फोटो व्हायचे, मग व्हिडिओ कॉलवर अमरावतीच्या मावशीला दर्शन, मग चहा तिथंच. तासभर तरी उजेड. एक पाहुणा गेला की दुसरा हजर.

प्रशिक्षणात मिळालेलं पुस्तक ह्यांनी न उघडता कपाटावर टाकलं होतं. ते मी वाचलं. अंधार मध्येच मोडला तर कळी धरत नाही, असं त्यात ठळक छापलं होतं. मी एकदा सांगितलंही, पाहुण्यांदेखत.

हे हसले. "तुले काय समजते त्यातलं? चाय आण."

पाहुणेही हसले. मी चहा आणला आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं. खरं सांगते, मला ह्यांना तोंडघशी पडलेलं पाहायचं होतं. चहात आलंही मी जरा जास्तच ठेचून घालायचे, पाहुणे अजून थोडे बसावेत म्हणून.

शेवंती कमरेच्या वर गेली. दांडे सरळ, पानं हिरवीगार, कळीचा पत्ता नाही. "रोपंच डुप्लिकेट निघाली," असं हे हळदीपर्यंत सांगत फिरले. शेवटी दारव्ह्याहून कापडी फुलं आली. त्यांना आधीच्या कुणाच्या तरी वाढदिवसाची चमकी चिकटलेली होती. व्याही भले माणूस, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हे घरचेच काय?" लेक स्टेजवर मान खाली घालून बसली होती. लोकांना वाटलं, लाजते आहे.

पाठवणीआधी बॅग भरताना कपाटावरून तिच्या हाती ते पुस्तक आलं. मी दुमडून ठेवलेलं पान आपसूक उघडलं. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं.

"आई, तुले माहीत होतं नं?"

"मले काय समजते त्यातलं," मी म्हणाले.

तिनं पानाचा दुमडलेला कोपरा बोटानं सरळ केला, पुस्तक जागेवर ठेवलं आणि गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.