मागच्या स्प्रिंगा

दादाच्या छातीच्या फोटोत क्षयाचा डाग निघाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला गॅरेज सोडून गावी जायला सांगितलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, डिलाईल रोडवरच्या एका गॅरेजात मिस्त्री. तो तयार झाला, पण एका अटीवर. आपली गाडी धावपट्टीवर एकदा पळवायची आणि मगच कोकणची बोट पकडायची.

गाडी त्यानं रे रोडच्या भंगारातून जमवली होती. सांगाडा जुन्या अमेरिकन गाडीचा, इंजिन दुसरीचं, टप नाहीच. हिवाळ्यात दर रविवारी उपनगरातल्या विमानांच्या धावपट्टीवर शर्यत लागायची; हौशी श्रीमंतांच्या गाड्या जागेवरून सुटून पाव मैल सरळ पळायच्या. वळण नाही, चढ नाही. ह्यात काय एवढं, असं मला वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायचो. दादा म्हणायचा, सगळा खेळ सुटतानाचा आहे. सुटताना भार मागे येतो, तेव्हा गाडी मागून जरा बसली पाहिजे, म्हणजे चाक जमीन धरतं. फार बसली तर आपटते आणि बसलीच नाही तर चाकं नुसती नाचतात.

म्हणून मागच्या स्प्रिंगा निवडण्यात त्यानं अख्खी दिवाळी घालवली. भंगारातल्या जाड वेटोळ्यांच्या जोड्या तो एकेक करून बसवायचा, मला डिकीवर उभा करायचा आणि मडगार्ड किती बोटं खाली आलं ते बघायचा. एका जोडीवर गाडी पार चाकाला टेकली. एकीवर बोटभरही हलेना, ती लॉरीलाच शोभली असती. मग एक जोडी अशी निघाली की गाडी बरोबर तीन बोटं बसली आणि मी उतरताच अलगद वर आली. "हीच रे," तो खोकत खोकत म्हणाला. त्या वर्षात इतका खूश मी त्याला पाहिलाच नव्हता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे. शर्यतीच्या आदल्या दुपारी खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले. संध्याकाळी सभा होती आणि कर्णा वाहणारा टॅक्सीवाला ऐनवेळी फिरला होता. दादाची गाडी हवी होती; तिच्यात कर्णा, बॅटऱ्या आणि पाच-सहा माणसं. मी डोळ्यांनी खुणावत होतो की नाही म्हण. दादा हो म्हणाला.

मास्तर गेल्यावर मी भडकलो. "उद्या शर्यत आहे, कळतं का तुला?"

"तेंका नाय कसा म्हणू रे? आमच्याच कामासाठी मागतत ना?"

एवढ्या ओझ्याखाली त्या तीन बोटांच्या स्प्रिंगा कायमच्या बसल्या असत्या. म्हणून दादानं गॅरेजात जाऊन त्या काढल्या, तिथेच ठेवल्या आणि लॉरीच्या तोडीची ती कडक जोडी चढवली. सकाळी परत बदलू, म्हणाला.

सभेनंतर दगड पडले, लाठ्या पडल्या आणि सकाळी डिलाईल रोडवर कर्फ्यू होता, गॅरेजची वाट बंद. गॅरेजपर्यंत तरी सोडा म्हणून नाक्यावरच्या हवालदाराला मी हात जोडले. तोही आमच्याच बाजूचा, कोकणातला. "माझी नोकरी जाईल हो," म्हणाला. मी त्याला नाही नाही ते बोललो. दादानं माझा दंड धरून मला गाडीत बसवलं. बोटीचं तिकीट दोन दिवसांवर होतं, पुढचा रविवार त्याला नव्हताच. त्याच स्प्रिंगांवर आम्ही धावपट्टी गाठली.

झेंडा खाली आला. मागची चाकं टणाटणा उडायला लागली, रबर जळल्याचा वास सुटला, गाडी मागून घसरत आडवी झाली आणि कडेच्या गवतात जाऊन बंद पडली. हॅटवाले लोक हसले. दादा स्टिअरिंग धरून तसाच बसून होता.

"आणखी एकदा सोडतील काय रे? विचार जरा."

क्लच जळला होता, गाडी ढकलतच न्यायची होती. त्यालाही ते ठाऊक होतं. तरी मी जाऊन विचारलं आणि नकार घेऊन आलो. त्यानं मान हलवली आणि गाडीतून उतरला.

शिमग्याआधीच तो गावी वारला.

पुढे राज्य झालं. मुंबई मिळाली याचा मला आनंद झाला नाही असं नाही, मीही त्यासाठी घसा फोडला होता. पण त्या दिवशी लालबागची रोषणाई मला बघवेना. कुणावर रागवायचं तेच कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांचाच राग येत होता. मास्तर पेढे घेऊन आले. दारात थांबले आणि म्हणाले, "तुझ्या दादाचा हातभार आम्ही विसरलो नाही हो."

पेढा मी हातात घेतला.

"त्याला एकदा सरळ जायचं होतं, मास्तर," मी म्हटलं. "बाकी काहीच मागितलं नव्हतं त्यानं."