मागून घेतलेली वाटी

"मागून घेतलंत तुम्ही!"

"अगं, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. हात वर करून मागितलंत. 'अहो, ही भाजी जरा अजून मिळेल का?' त्या वेटरला अहो!"

"मग काय अरे म्हणू? आवडली, मागितली. हॉटेल आहे हे, मंदा. इथे मागूनच मिळतं."

"आणि घरी? घरी कधी मागितलीत?"

शरच्चंद्र लिमयांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा पुसून होईपर्यंत बायकोचे बरेचसे प्रश्न आपोआप विझतात, असा त्यांचा संसारातला अनुभव होता. आजचा विझला नाही.

"सांगा ना. लग्न होऊन आले तेव्हापासून आळूची पातळ भाजी करतेय मी. श्रावणी सोमवारी केली, गौरीजेवणाला केली, तुमच्या वडिलांच्या श्राद्धाला केली. एकदा तरी म्हणालात, मंदा, थोडी वाढ?"

"मागायला ताट रिकामं व्हावं लागतं. तू होऊ देतेस? माझा घास गिळून होत नाही तोवर तुझी पळी ताटात."

नारायण पेठेतल्या घरी असत्या तर मंदाकिनीबाईंनी याला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. पण हे भांडारकर रस्त्यावरचं 'हंगाम' होतं. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात मांडलेली टेबलं, टेबलागणिक एक मिणमिणता दिवा, आणि खुर्च्यांच्या पाठीला लॅपटॉपच्या बॅगा अडकवून हलक्या आवाजात जेवणारी तरुण मंडळी. इथलं जेवण म्हणे ऋतूप्रमाणे बदलतं. बाजारात जे ताजं येईल तेच पानात. मंदाकिनीबाईंच्या घरी दुसरं काय होत होतं आजवर? पण त्याचं कार्ड कुणी छापलं नव्हतं.

इथे छापलं होतं. मघाशी शरच्चंद्रांनीच ते दिव्याजवळ धरून वाचलं होतं. "कोलोकेशिया स्ट्यू विथ पीनट्स. म्हणजे आळू. दोन अक्षरांत भागत होतं." तेव्हा मंदाकिनीबाई हसल्यासुद्धा. मग खालची बारीक ओळ दिसली आणि हसू मावळलं. 'श्यामलाताईंच्या स्वयंपाकघरातून.'

कोणाच्या स्वयंपाकघरातून?

श्यामला म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. कसबा पेठेतल्या तांब्या-पितळेच्या दुकानदाराची मुलगी. भांडं वाजवून त्याचं वजन सांगायची, पण त्या भांड्यात शिजवायचं काय, याचा पत्ता नव्हता. पहिली पोळी लाटली ती गुजरातच्या नकाशासारखी. मंदाकिनीबाईंनी तिला खांद्याशी उभं करून शिकवलं. आळू चिरताना हाताला चिंच कशी लावायची, देठ कसे सोलायचे, डाळ नि पानं एकजीव होईपर्यंत कशी घोटायची. तेव्हा मंदाकिनीबाई कॉलेजच्या मुलामुलींना डबे देत. 'लिमयेकाकूंचा डबा' पेठेत प्रसिद्ध होता. छान झालंय असं त्यांना कुणी तोंडावर सांगितलं नाही कधी. पण पोरं शिकून गेली की पुढल्या वर्षी त्यांची धाकटी भावंडं दारात उभी राहत. तेवढं पुरे, असं त्यांना वाटायचं. आजपर्यंत वाटायचं.

मग भाऊ वेगळे झाले. श्यामला वारज्याला फ्लॅटमध्ये गेली. "वारज्याला? कोल्हे हाकायला?" असं तेव्हा मंदाकिनीबाईच म्हणाल्या होत्या. कोल्हे पळाले, मागोमाग इमारती आल्या. श्यामलाचा मुलगा हिंजवडीला कंपनीत लागला, त्याचे मित्र रविवारी तिच्या बाल्कनीत बसून जेवायला लागले, आणि त्यातल्याच एकाने नोकरी सोडून हे 'हंगाम' काढलं. काकू, मेनू तुम्ही ठरवायचा. काकू, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. काकूंनी काल फोन करून दोघांना आवर्जून जेवायला बोलावलं होतं; कार्डावर आपलं नाव छापलंय, एवढं मात्र सांगितलं नव्हतं.

आणि आता काकू स्वतःच टेबलापाशी येत होत्या. सुती साडीवर पांढरा एप्रन, त्यावर निळ्या दोऱ्याने भरलेलं नाव. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी चक्क उठून तिच्याशी हात मिळवून गेली.

"दादा! तुम्ही मागून घेतलीत म्हणे. आत आम्ही टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या वाजतात का आत?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे नुसती भांडी वाजतात."

श्यामला मनापासून हसली. तेही त्यांना आवडलं नाही.

"वहिनी, शिकवण सगळी तुमचीच हो. फक्त इथला शेफ म्हणतो, काकू, वाटीत जरा कमीच घाला. खाणाऱ्याला अपुरं वाटलं पाहिजे. मला मेलीला लाजच वाटली आधी. पाहुण्याला अपुरं वाढायचं?"

मंदाकिनीबाई लगेच नवऱ्याकडे वळल्या.

"ऐकलंत? वाटी लहान, म्हणून मागितलीत!"

"वाटीचं काही नाही गं," शरच्चंद्र म्हणाले. जेवणाच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि आजही त्यांना तेवढी अक्कल सुचली नाही. "हिने आंबट चुका घातलाय. तू चिंच घालतेस. ही कशी जिभेवर हलकी लागते."

श्यामलाने घाईघाईने एप्रनला हात पुसले. "चुका आमच्या माहेरचा, दादा. नारायण पेठेत सासूबाई घालू द्यायच्या नाहीत ना, म्हणून वहिनींचासुद्धा इलाज नव्हता."

सासूबाई? सासूबाईंना चुका नि पालक यांतला फरक कळत नव्हता. कसब्याहून आणलेली चुक्याची जुडी श्यामलाच्या हातातून काढून घेणाऱ्या मंदाकिनीबाईच होत्या. "आमच्याकडे चिंचच," म्हणाल्या होत्या. हे श्यामलाला पक्कं आठवत होतं. तिने मुद्दाम मेलेल्या माणसावर ढकललं होतं. हिने आपल्याला सांभाळून घ्यावं? हिने?

"आता तुम्ही सांगा वहिनी." श्यामलाचा आवाज खाली आला. "इतका वेळ बाहेर यायचा धीर होत नव्हता मला. कशी झालीय?"

मंदाकिनीबाईंनी समोर पाहिलं. त्यांची वाटी लख्ख होती. चमचा बाजूला तसाच कोरडा पडला होता. शेवटचा थेंब त्यांनी बोटाने पुसून घेतला होता. नवऱ्याच्या आधी संपली होती त्यांची. त्याने वेटरला हात केला तेव्हा टेबलाखाली त्यांचाही हात मांडीवरून उचलला गेला होता, आणि तसाच खाली गेला होता. त्याने मागितली. त्यांना मागता येईना.

श्यामलाची नजर वाटीवर गेली. कुणाचं पान कधी रिकामं होतंय हे बघायलाही मंदाकिनीबाईंनीच शिकवलं होतं तिला. ती नुसती वाकली, आणि अगदी मंदाकिनीबाईंच्याच आग्रहाच्या सुरात, कानाशी म्हणाली, "आणू थोडी?"

तोंडाला पाणी सुटलं होतं. 'आण' एवढंच म्हणायचं होतं.

मंदाकिनीबाईंनी मांडीवरचा रुमाल टेबलावर ठेवला, पर्स काखेत मारली आणि खुर्ची मागे सारली.

"मंदा, अगं, मठ्ठा यायचाय अजून!"

लॅपटॉपच्या बॅगांना वळसे घालत, पदर सावरत त्या व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या आणि फाटक ढकलून रस्त्यावर चालू लागल्या.