ढोल गाड्यावर नव्हता

सकाळच्या एसटीनं गोरेगावहून सडक अर्जुनीला निघालो. तिथं इंग्रजांच्या काळच्या पलटणीचा मेळा भरला आहे, हे पोरानं मोबाइलात वाचून सांगितलं होतं. मी चौथी शिकलेला माणूस. पण पलटण मला कोणी शिकवू नये. माझा आजा (बापाचा बाप) तिच्यासोबत चालला होता.

हायवेला लागून, धान कापलेल्या बांधीत (भाताच्या वाफ्यात) पांढरे तंबू. लाल कोट घालून शिपाई बनलेले लोक चुलीवर रोट्या भाजून राहिले होते. मलाही एक दिली, वर ठेचा. रोटी चांगली होती, खोटं कायले बोलू? मग बिगुल वाजला, रांगा लागल्या. बासऱ्या आल्या, लहान ढोल आले, आणि शेवटी मोठा ढोल. रबरी चाकांच्या गाड्यावर, झेंडूच्या माळा घालून!

माझं डोकं फिरलं. माईकवाल्या साहेबाला गाठलं.

"हा ढोल गाड्यावर काऊन?"

"दादाजी, वजन बहुत है."

"तेव्हाबी होतं. माह्या आज्याच्या पाठीवर बांधत होते, बेगारीत (बिनमजुरीच्या सक्तीत). मागून शिपाई ढोल हाणत चाले. चोरखमाऱ्याच्या जंगलातून आजा असा गेला, अन् बहिरा होऊन आला."

साहेब हसला. "वो दिखाएंगे तो लोगों को अच्छा नहीं लगेगा."

अच्छा नाही लगेगा! आज्याला अच्छा लागलं होतं का? आम्ही पोरं त्याच्या पाठीमागं उभं राहून शिव्या द्यायचो, ऐकू येत नाही म्हणून खिदळायचो. ते मला आजही खातं.

मी गाड्यापुढं जाऊन वाकलो. "बांधा."

ढोलवाला गोंदियाच्या बँडपार्टीतला, लग्नात वाजवणारा. म्हणे, "बाबाजी, कायले जीव देता? उठा."

"बांध, नाहीतर परेड इथंच थांबन."

मागची रांग खोळंबली, लोक ओरडू लागले. शेवटी दोघांनी ढोल माझ्या पाठीला टेकवून दुपट्ट्यानं आवळला. मी उभा राहिलो. ढोलवाल्यानं टिपरू उचललं अन् तसंच धरलं.

"मार ना बे!"

"हात नाही पडून राहिला, बाबाजी."

"बजाओ भाई, बजाओ!" साहेब माईकवर.

त्यानं मारलंच नाही. मी तसाच मैदानाला एक चक्कर मारली. बासऱ्याही थांबल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कायच्या? माझ्या पाठीवर तर एकही टोला पडला नव्हता.

साहेब शाल घेऊन आला. मी हात मागं घेतला. म्हटलं, "पहिले माईकवर आज्याचं नाव घे. सुकडू." त्यानं मान डोलावली, माईक धरला अन् म्हणाला, "हमारे बुजुर्ग कलाकार के लिए एक बार फिर तालियां!"

कलाकार! शाल खुर्चीवर ठेवली अन् एसटी धरली. तंबू त्यांना जमले, कोटाची बटणंही जमली. एक नाव तेवढं जड झालं. पुढल्या साली मेळा भरला तर मी पुन्हा जाणार. आधी सुकडूचं नाव, मंग बिगुल. तोवर चाकापुढून हलणार नाही.