उलट्या बाजूची पट्टी

माझी आत्या शिवणकाम करते, आणि एकदा डोक्यात घेतलं की ती ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. आजोबांचं व्हायोलिन तिने असंच डोक्यात घेतलं.

आजोबा एका संगीतशाळेत सुतार होते. शाळेतलं एक व्हायोलिन हरवलं आणि नेमकं त्याच सुमारास त्यांच्या हातात एक दिसलं. ‘हे मी बनवलंय,’ असं ते परोपरीने सांगत राहिले. पण खुर्च्या ठोकणाऱ्याचं कोण ऐकतं? चोरी सिद्ध झाली नाही म्हणून व्हायोलिन घरीच राहिलं, पण नोकरी गेली. माझ्या बाबांचाही विश्वास बसला नाही. आजोबा जाईपर्यंत ते त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

ते गेल्यावर बाबा आत्याला म्हणाले, “शाळेला देऊन टाक ते. विषय संपव.”

“देईन. पण आधी ते कुणी बनवलं ते कळू दे.”

मला हमालासारखं सोबत घेऊन आत्याने वाद्यांची दुकानं पालथी घातली. कुणी म्हणे कारखान्याचं, कुणी म्हणे भंगार. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने ते वाजवलं आणि तोंड वाकडं केलं. जाड तार घोगरी वाजत होती.

“आत काहीतरी गडबड आहे. पण उघडताना झाकण तडकेल, बाई.”

“तडकू दे. माणसाचं नाव गेलंय, लाकडाचं काय घेऊन बसलात?”

पातळ सुरी फिरवून त्याने झाकण सोडवलं आणि तो हसायलाच लागला. झाकणाला आतून एक लांब पट्टी चिकटवतात, जाड तारेच्या बाजूला. इथे ती बारीक तारेच्या बाजूला होती.

“कारखान्यात असं होत नाही. शिकलेला माणूसही असं करणार नाही. कुणीतरी पालथं ठेवलेलं झाकण बघून पट्टी उजवीकडे असते असं मनात धरलं, आणि घरी झाकण सुलटं धरून उजवी बाजू ठरवली, मग त्याच बाजूला आतून पट्टी लावली.”

आत्याला आणखी फोड करून सांगावं लागलं नाही. कापड उलटं करून शिवण्यातच तिचा जन्म गेलाय. शाळेत दुरुस्तीला उघडलेली व्हायोलिनं आजोबांच्या शेजारच्या टेबलावर पडलेली असत. त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं.

तिने बाबांना तिथेच बोलावून घेतलं, त्यांचं बोट पट्टीवर टेकवलं आणि सगळं सांगितलं. बाबा स्टुलावर बसले.

“म्हणजे आपण त्यांना उगाच चोर ठरवलं?”

“आपण नाही, दादा. तू.”

बाबा रडू लागले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. आत्याने त्यांचा हात घट्ट धरला आणि कारागिराला म्हणाली, “लावा झाकण. आम्हाला शाळेत जायचंय. तिथे हे माझा दादाच सांगेल.”