पाणी वीस हात, दोर पंचवीस

कॉलनीच्या फळ्यावर हे वाचणाऱ्या मंडळींनो, आज दुधनीच्या जलाशयात माझे चार बटाटेवडे भिजले, याची गंभीर दखल घ्यावी. आम्ही बुडता बुडता वाचलो, ते किरकोळ.

आपल्या ऑफिसच्या सहलीच्या होडीसाठी नांगराला शंभर हात दोर मागितला होता. हिशेबनीस म्हणून मीच मागणीतला तो आकडा खोडून पंचवीस केला. पाणी वीस हात खोल, मग बाकीचा दोर काय माशांना कपडे वाळत घालायला?

आज बायकोला घेऊन त्याच होडीत बसलो. होडीवाल्या रामजीकाकांनी मधोमध नांगर टाकला. मी डबा उघडला आणि वारा सुटला. दोर उभा ताणला, नांगर तळातून सुटला आणि होडी बुडालेल्या झाडांच्या खुंटांकडे निघाली. बायकोला पोहता येत नाही. मलाही येत नाही, पण हे तिला आजच कळलं.

"काका, नांगर हलका पडला का?"

"नांगर बरोबर हाय, सायेब. दोर लांब पायजे. आडवा ओढला तर रुततो, उभा ओढला तर उपटतो. कोणी कापला काय माहीत."

"असेल कोणी शहाणा," बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

काकांनी आपल्या जाळ्याचा दोर सोडून नांगराच्या दोराला जोडला आणि सगळा पाण्यात सोडला. नांगर रुतला. खुंट दोन हातांवर राहिला.

तुम्हीही कधी कोणाचा असा दोर कापलाय का? आठवून बघा.

जाळ्याचा दोर नांगरालाच राहिला. म्हणून संध्याकाळी सिल्वासाच्या बाजारातून नवा घेतला आणि काकांच्या ओट्यावर ठेवून आलो. बिल ऑफिसला लावलं नाही.