काकूंचा बिनसाखरेचा चहा

काकांना मी डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्यात घातला आणि त्यांची चाल बिघडली म्हणून धावत जाऊन डॉक्टरबाबूंना घेऊन आलो. डॉक्टरबाबूंनी आधी बूट पाहिले, मग मला पाहिलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "आलाच आहात, तर ह्यालाही तपासून जा."

स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली असतील. नोकरी शोधायला मी पुण्याहून कलकत्त्याला काकांकडे आलो आणि महिन्याभरात काका ट्राममधून उतरताना डोक्यावर पडले. उजवं अंग लुळं झालं, वाचा गेली. "आता जे काही व्हायचं ते घरीच, सरावानं," असं डॉक्टरबाबू म्हणाले, आणि काकूंनी शहराच्या बेहाला भागातल्या आपल्या दोन खोल्यांची तालीम करून टाकली.

काकांचा चांगला हात काकू जुन्या पातळाच्या पट्टीनं खुर्चीला बांधत आणि लुळ्या हातापुढे मटारच्या शेंगा ठेवत. दाणे घरभर पळत. ते गोळा करता करता मी एकदा असा आपटलो, की काका आजारपणात पहिल्यांदाच खदखदून हसले. "बघ, तुझाही उपयोग आहे," काकू म्हणाल्या.

बोलण्यावरचा इलाज म्हणजे बिनसाखरेचा चहा. डबा समोर, 'साखर' म्हणा, साखर घ्या. काका बोट दाखवत, काकू छताकडे बघत. "एकदा माझ्याशी कडकडून भांडू देत, मग मागतील तेवढी घालीन," त्या म्हणत. म्हणताना डबा मात्र उगाच पदरानं पुसत राहायच्या.

मला ते बघवेना. काकूंची पाठ वळली की मी कपात दोन चमचे टाकायचो. काका खुशीत, मुकाट्यानं प्यायचे. डबा रिकामा होऊ लागला. "मुंग्या असतील," मी म्हणालो. काकूंनी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला.

शेवटी एका सकाळी त्यांचाच धीर सुटला. मला न सांगता त्यांनी चहात भरपूर साखर घातली आणि आत गेल्या. मला काय माहीत? मी नेमानं माझे दोन चमचे टाकले. काकांनी घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या.

"गो... गोड."

काकू धावत आल्या. त्यांनी कप पाहिला, माझ्या हातातला चमचा पाहिला आणि त्यांना मुंग्यांचा उलगडा झाला. पण रागवायला सवड कुणाला होती? एकीकडे हसत, एकीकडे डोळे पुसत त्या काकांपुढे बसल्या. "आणखी बोला. काहीही बोला."

काकांनी लुळा हात कसाबसा उचलला, बोट माझ्यावर रोखलं आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "गाढव."