मास्तरांच्या घशातले तीन वर्ण

भरतेश मास्तर म्हणजे माझे यजमान. इस्लामपुरात तेहतीस वर्षं त्यांनी संस्कृत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर माझं डोकं उठवलं. मराठी, फारशी, इंग्रजी, रशियन या सगळ्यांची म्हणे एकच पणजी होती, सहा हजार वर्षांपूर्वीची. तिचा एक शब्दही कोणी लिहून ठेवलेला नाही. पंडितांनी लेकी-नातींचे शब्द ताडून तिला पुन्हा उभी केली. केली तर केली, पण तिच्या घशातले तीन 'ह' नेमके कसे म्हणायचे, हे कोणालाच ठाऊक नाही. ते शोधायचं काम आमच्या न्हाणीघरात येऊन पडलं.

रोज सकाळी दात घासता घासता यांचं सुरू, 'ह्ख, ह्अ, ह्घ'. मेंढीला संस्कृतात 'अवि' म्हणतात, त्याच्याआधी घशातला एक 'ह' होता तो गळाला, असं ते दूधवाल्या धनाजीला समजावत. धनाजी मूळचा आटपाडीकडचा, घरी शंभर मेंढरं. तो मान हलवी आणि जाताना मला हळूच सांगे, मास्तरांना सुंठ देत जा. मी सगळ्या गल्लीला एकच सांगे, आजारी नाहीत, अभ्यास चाललाय.

गेल्या दिवाळीपासून आवाज घोगरा झाला. दिवसभर खाकरणं, जेवताना ठसका. मला वाटलं, सापडला वाटतं एखादा वर्ण. त्यांनाही तसंच वाटलं, याचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आपला घसा बिघडलाय की सहा हजार वर्षांपूर्वीचा, एवढं शिकल्या माणसाला कळू नये? चार महिने असेच गेले. मुलगी ब्राह्मी पुण्याहून आली, एक दिवस तिनं ऐकलं आणि त्यांना सरळ मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ब्राह्मीनं त्यांच्यापुढे मोबाइल सुरू करून ठेवला. बोला काहीतरी, आमच्यासाठी राहील, म्हणाली आणि औषधं आणायला गेली. मास्तर उशीला टेकून बसले आणि बोलले काय? मेंढी. घोडा. चाक. मध. सगळं त्या पणजीच्या भाषेत. माझा पारा चढला.

"आवं, मराठीत बोला की. तिकडलं ऐकणारं कोण जित्तं हाय?"

"मराठीला तुमी सगळी हाय," ते म्हणाले. "हिला कोण न्हाई."

मग मात्र मी सुटले. न्हाणीघर, दूधवाला, वाया गेलेले चार महिने, सगळं बाहेर काढलं. एकदा तरी माझ्याशी बोला, हेच परत परत सांगत राहिले. नर्स येऊन गप्प करेपर्यंत माझं तोंड थांबलं नाही.

आता घर शांत आहे. मास्तर पाटीवर लिहून चहा मागतात. त्या दुपारचं रेकॉर्डिंग काल मी पहिल्यांदा ऐकलं. सुरुवातीचे चार शब्द आणि ते एक उत्तर सोडलं, तर पुढे सगळी माझीच बडबड. मी श्वास घ्यायला थांबते तिथं दोनदा त्यांचा आवाज येतो, "आगं, ऐक की जरा," आणि पुन्हा मीच.

काय सांगायचं होतं, म्हणून विचारलं. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, आता आठवत नाही.